फॉलिक दिले, बी-१२चे काय?

२०२४च्या ऑक्टोबर महिन्यात एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. सोमवारी, ७ ऑक्टोबरला, वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन या अमेरिकी शास्त्रज्ञांना जाहीर झाले. पेशीतील जनुकांच्या कामावर लगाम ठेवणारे ‘मायक्रोआरएनए’ हे इवलेसे रेणू त्यांनी शोधले होते. बुधवारी, ९ ऑक्टोबरला, केंद्रीय मंत्रिमंडळाने रेशनवर आणि शालेय पोषण आहारात फोर्टिफाइड तांदूळ देण्याची योजना डिसेंबर २०२८पर्यंत चालू ठेवण्यास मंजुरी दिली. त्यासाठी १७ हजार ८२ कोटी रुपयांची तरतूद झाली. या तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळलेले असते.

पहिली बातमी विज्ञानाच्या पानावर गेली, दुसरी अर्थकारणाच्या. दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे, असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. पण तो आहे. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे रक्त वाढवण्यापुरती मर्यादित नाहीत. कोणते जनुक किती बोलणार आणि कोणते गप्प बसणार, हे ठरवणाऱ्या यंत्रणेपर्यंत त्यांचा हात पोहोचतो. त्या यंत्रणेचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे मायक्रोआरएनए.

गेल्या काही वर्षांत या विज्ञानाचा सर्वात आधी फायदा उठवला तो बाजाराने. ‘तुमच्या जनुकांप्रमाणे आहार’, ‘जनुकांना जागे करणारे जीवनसत्त्व’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. सार्वजनिक आरोग्याच्या धोरणात मात्र हिशेब अजून हिमोग्लोबिनच्या आकड्यावरच थांबतो. विज्ञान नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट पाहिले तर जाहिरातीतला दावा फोल ठरतो आणि धोरणातली एक उणीव ठळक होते.

बावीस अक्षरांचा लगाम

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखाच डीएनए असतो. तरीही डोळ्याची पेशी प्रकाश टिपते आणि यकृताची पेशी साखर साठवते, कारण प्रत्येक पेशी आपल्याला हवी तीच जनुके वापरते. जनुक कामाला लागले की त्याची एक नक्कल तयार होते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन बनते. पाककृतीच्या जाड पुस्तकातून एक पान उतरवून घेऊन ते स्वयंपाकघरात न्यावे, तसा हा प्रकार.

मायक्रोआरएनए हे पान स्वयंपाकघरात पोहोचल्यावर आडवे येतात. त्यांची लांबी साधारण बावीस अक्षरांची. ते स्वतः कोणतेही प्रथिन बनवत नाहीत. संदेशवाहक आरएनएवर आपल्याशी जुळणारा तुकडा सापडला की तिथे चिकटतात. मग त्या संदेशापासून प्रथिन बनणे मंदावते किंवा तो संदेशच नष्ट केला जातो. एक मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर काम करतो आणि एका जनुकावर अनेक मायक्रोआरएनए लक्ष ठेवून असतात. त्यामुळे हा दिव्याच्या चालू-बंद बटणासारखा प्रकार नाही. तो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा आहे. वेग थोडा कमी, थोडा जास्त, असे त्याचे काम चालते.

१९९३मध्ये अँब्रोस आणि रव्हकुन यांना हे रेणू सापडले ते एका जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत. ‘लिन-४’ नावाच्या जनुकात बिघाड झालेल्या कृमींची वाढ अडखळत असे. त्या जनुकापासून प्रथिन बनत नाही, बावीस अक्षरांचा आरएनए बनतो आणि तो ‘लिन-१४’ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला आवर घालतो, असे दोघांच्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले. तेव्हा या शोधाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. कृमीची एखादी खोड असेल, असेच समजले गेले. २००० साली रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेला ‘लेट-७’ हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत सर्वत्र असल्याचे दिसले. मग चित्र पालटले. आज माणसात हजारांहून अधिक मायक्रोआरएनएंची जनुके ज्ञात आहेत आणि प्रथिने बनवणाऱ्या निम्म्याहून अधिक जनुकांवर त्यांचे नियंत्रण असावे, असा अंदाज आहे.

ताटातून केंद्रकापर्यंत

जीवनसत्त्वे या यंत्रणेपर्यंत मुख्यतः दोन वाटांनी पोहोचतात.

पहिली वाट अ आणि ड या जीवनसत्त्वांची. शरीरात त्यांचे रूपांतर संप्रेरकासारख्या रेणूंत होते. अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक अ‍ॅसिड बनते. ड जीवनसत्त्वावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन त्याचे सक्रिय रूप तयार होते. हे रेणू पेशीतील खास ग्राहक प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि ही जोडी थेट डीएनएवर बसून जनुकांना कामाला लावते. त्या जनुकांत मायक्रोआरएनएंची जनुकेही असतात.

दुसरी वाट फोलेट आणि बी-१२ची. (फोलेट हे अन्नातील रूप आणि फॉलिक अ‍ॅसिड हे गोळीतील.) पेशीत ‘मिथिल’ नावाच्या छोट्या रासायनिक गटाची सतत देवाणघेवाण चालू असते. डीएनएवर मिथिलची खूण बसली की तिथले जनुक सहसा शांत होते. या खुणांसाठी लागणारा मिथिल गट ज्या साखळीतून येतो, तिची एक कडी फोलेट आहे आणि तिच्या लगतची कडी बी-१२. दोन्ही कड्या शाबूत असल्या तरच साखळी चालते. मायक्रोआरएनएंची जनुकेही डीएनएवरच असल्याने मिथिलच्या खुणा बदलल्या की त्यांचे प्रमाणही बदलते.

या दोन्ही वाटांबाबत ठोस पुरावे आहेत. अ जीवनसत्त्वाचे उदाहरण सर्वात लक्षवेधी. ‘अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ हा रक्ताचा कर्करोग एकेकाळी अतिशय जीवघेणा होता. त्यात रक्तपेशी वयातच येत नाहीत. अर्धवट वाढलेल्या अवस्थेत अडकून वाढत राहतात. १९८०च्या दशकात शांघायमध्ये वांग झेनयी आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांना रेटिनॉइक अ‍ॅसिडचे एक रूप दिले आणि पेशी प्रौढ होऊ लागल्या. पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली आणि आज या आजाराचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. हे औषध दिल्यावर पेशीत नेमके काय घडते, हे शोधताना संशोधकांना दिसले की अनेक मायक्रोआरएनएंचे प्रमाण बदलते. त्यातील ‘मिर-२२३’ वाढला की पेशीला प्रौढ होण्याची वाट मोकळी होते.

फोलेटबाबत २००६मध्ये अमेरिकेत एक नेमका प्रयोग झाला. माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशी फोलेट नसलेल्या द्रवात वाढवल्या, तेव्हा त्यांतील अनेक मायक्रोआरएनएंचे प्रमाण वाढले. फोलेट परत दिल्यावर ते पूर्ववत झाले. त्यातील ‘मिर-२२२’ हा पेशींच्या विभाजनावर परिणाम करणारा रेणू आहे. आहारात फोलेट कमी असलेल्या माणसांच्या रक्तातही तो वाढलेला आढळला. त्याच वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगशाळेतील उंदरांना फॉलिक अ‍ॅसिड, मेथिओनिन आणि कोलिन यांची कमतरता असलेला आहार दिला. काही महिन्यांत त्यांच्या यकृतात गाठी झाल्या आणि यकृताचा खास मायक्रोआरएनए ‘मिर-१२२’ घटला. काही उंदरांना मधल्या टप्प्यावर पुन्हा परिपूर्ण आहार दिला, तेव्हा हा बिघाड मागे फिरला.

या प्रयोगांत एक समान धागा आहे. उणीव झाली की यंत्रणा बिघडते, उणीव भरून काढली की ती सावरते. पुरेसे असताना आणखी दिल्याने यंत्रणा अधिक चांगली चालते, असे यांतील एकही प्रयोग म्हणत नाही. ल्युकेमियाचे उदाहरणही आहारातील जीवनसत्त्वाचे नाही. रुग्णालयात, मोजून आणि देखरेखीखाली दिलेल्या औषधाचे ते आहे आणि त्याचे दुष्परिणामही गंभीर असू शकतात. गाजर खाऊन ल्युकेमिया बरा होत नाही.

पुण्याजवळची सहा गावे

ज्या १९९३ साली सूत्रकृमीतील मायक्रोआरएनएचा शोध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी पुण्याजवळच्या सहा गावांत एक वेगळेच काम सुरू झाले. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गर्भवती होण्याआधीपासून स्त्रियांच्या आहाराची नोंद ठेवायला सुरुवात केली. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. या अभ्यासातून जन्मलेल्या मुलांवर आजवर लक्ष ठेवले गेले आहे.

२००८मध्ये या अभ्यासाचा एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गर्भारपणात तपासलेल्या मातांपैकी जवळपास दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कुणातच नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट जास्त होते, त्या मुलांच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक होते आणि इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्तीही अधिक होती. ही प्रवृत्ती सर्वाधिक आढळली ती फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत. इन्सुलिनला दाद न देणे ही मधुमेहाच्या वाटेवरची पहिली पायरी मानली जाते.

हे कसे घडत असावे? बी-१२ची कडी तुटली की फोलेट एका रूपात अडकून पडते आणि पुढे वापरता येत नाही. म्हणजे रक्तात फोलेट दिसते, पण मिथिलची साखळी खोळंबलेली असते. गर्भातील अवयव घडत असताना जनुकांवर ज्या खुणा बसायला हव्यात, त्यांत यामुळे फरक पडू शकतो. ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठात पोन्नुसामी सरवणन यांच्या गटाने याच प्रश्नाचा माग मायक्रोआरएनएच्या दिशेने काढला. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात कमी बी-१२ असलेल्या द्रवात माणसाच्या चरबीच्या पेशी वाढवण्यात आल्या होत्या. त्यांतील मायक्रोआरएनएंचा नमुना बदललेला दिसला. बदललेले काही रेणू चरबीच्या पेशींची घडण आणि इन्सुलिनचा परिणाम यांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘पीपीएआर गॅमा’ या जनुकाशी संबंधित होते. बी-१२ कमी असलेल्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तातही त्यांच्या प्रमाणात फरक आढळला.

इथे घाईने निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पुण्याचा अभ्यास निरीक्षणाचा होता. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडवली, असे सिद्ध होत नाही. वॉरिकच्या संशोधनातून यंत्रणेचा एक संभाव्य दुवा मिळाला, पण त्या सहा गावांतील मुलांमध्ये तोच दुवा काम करत होता, असे म्हणता येत नाही. तरीही निरीक्षण आणि पेशीतील प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा पुढची पायरी प्रत्यक्ष चाचणीची असते. ती चाचणीही पुण्यातच झाली. २०१२पासून त्याच अभ्यासातील किशोरवयीन मुला-मुलींना बी-१२ देण्याचा ‘प्रिया’ हा प्रयोग हाती घेण्यात आला. डोस होता दिवसाला अवघा दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास रोजच्या गरजेइतकाच. पुढे त्यांतील मुली आई झाल्या. त्यांच्या बाळांची दोन वर्षांच्या वयात तपासणी झाली, तेव्हा आईला गर्भधारणेआधीपासून बी-१२ मिळालेल्या गटातील बाळे विकासाच्या काही निकषांवर सरस ठरली. हा निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. लहानसा डोस, योग्य वेळी आणि मुळात कमतरता असलेल्यांना, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

तांदळाचा हिशेब, गोळीचा हिशेब

आता धोरणाकडे वळू. फोर्टिफाइड तांदळात किती काय असावे, हे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ठरवून दिले आहे. एक किलो तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असते. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते सारे तांदूळच आहे असे धरले, तरी महिन्याला ३७५ ते ६२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि सुमारे चार ते सहा मायक्रोग्रॅम बी-१२ पोटात जाईल. प्रौढ माणसाची बी-१२ची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, तर फोलेटची दोनशे ते तीनशे मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दोन्हींच्या महिन्याच्या गरजेतला तांदळाचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच राहतो. महाराष्ट्रात रेशनवर गहूही मिळतो, त्यामुळे तो आणखी कमी होतो.

या तांदळातून फॉलिक अ‍ॅसिडचा अतिरेक होईल, ही भीती म्हणूनच टिकत नाही. शिवाय त्यात दोन्ही जीवनसत्त्वे एकत्र आहेत, ही त्याची जमेची बाजू. पण बी-१२ची कमतरता एकट्या या तांदळाने दूर होईल, अशी आशाही धरता येत नाही.

खरी तफावत आहे ती गोळीत. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतींना दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. बाळंतपणानंतरही १८० दिवस ती घ्यायची असते. शाळा-महाविद्यालयांतील किशोरवयीन मुला-मुलींना याच मात्रेची निळी गोळी आठवड्यातून एकदा मिळते. या गोळ्यांत बी-१२ नाही. रेशनच्या महिनाभराच्या तांदळातून जितके फॉलिक अ‍ॅसिड मिळते, तितके एका-सव्वा गोळीतच असते.

खासगी दुकानांत तर फॉलिक अ‍ॅसिडची पाच मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम. प्रौढांसाठी फॉलिक अ‍ॅसिडची जी कमाल मर्यादा मानली जाते, ती दिवसाला एक हजार मायक्रोग्रॅमची आहे. आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत जन्मजात दोष असेल, तर डॉक्टर विचारपूर्वक इतका मोठा डोस देतात. पण असे कोणतेही कारण नसताना ही गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवली जात असेल, तर तिच्याबद्दल डॉक्टरांना प्रश्न विचारायला हवा.

याचा अर्थ फॉलिक अ‍ॅसिड वाईट, असा अजिबात नाही. गर्भधारणेच्या आधी आणि पहिल्या आठवड्यांत ते मिळाले तर मज्जारज्जूचे जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी असा दोष असलेले बाळ झालेल्या स्त्रियांमध्ये दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. सार्वजनिक आरोग्यातील हे मोठे यश आहे. हा लेख वाचून कुणा गर्भवतीने सरकारी गोळी बंद करू नये. तक्रार गोळीत काय आहे याची नाही, काय नाही याची आहे.

मग बी-१२ आजवर गोळीत का आले नाही? एक कारण असे की, रक्तक्षय कमी करण्यात बी-१२ची भर किती उपयोगी पडते, याबाबत चाचण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. लोहाने हिमोग्लोबिन वाढते. बी-१२ने ते आणखी वाढेलच, असे नाही. कार्यक्रमाचे यशापयश फक्त हिमोग्लोबिनवर मोजले, तर बी-१२ त्या परीक्षेत मागे पडणारच. पण पुण्याचे संशोधन आणि जनुक-नियमनाचे विज्ञान सांगते ते याच्या पलीकडचे आहे. बी-१२चे काम रक्तापुरते नाही. मज्जातंतूंचे आरोग्य, गर्भाच्या मेंदूची घडण आणि पुढच्या पिढीची चयापचय क्रिया यांच्याशी त्याचा संबंध आहे. भरपूर फॉलिक अ‍ॅसिड मिळाले की बी-१२च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते, हे वैद्यकशास्त्राला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. मोजपट्टीच अपुरी असेल, तर तिच्यावरचे उत्तरही अपुरेच येणार.

‘जास्त’ म्हणजे ‘चांगले’ नव्हे

धोरण विज्ञानाच्या मागे राहिले, तसा बाजार विज्ञानाच्या पुढे धावला. जीवनसत्त्व जनुकांवर परिणाम करते, म्हणून अधिक जीवनसत्त्व म्हणजे अधिक आरोग्य, हा त्याचा युक्तिवाद. तो मोठ्या चाचण्यांत वारंवार कोसळला आहे.

फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेली चाचणी १९९४मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. तो कमी होईल, ही अपेक्षा होती. अमेरिकेतील तशाच दुसऱ्या चाचणीतही धोका वाढलेला दिसला आणि ती मुदतीआधीच थांबवावी लागली. ड जीवनसत्त्वाच्या ‘व्हायटल’ चाचणीत सुमारे २६ हजार जणांनी भाग घेतला. दिवसाला दोन हजार युनिट घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकाराच्या घटना लक्षणीय कमी झाल्या नाहीत. त्यातील बहुतेकांना मुळात ड जीवनसत्त्वाची कमतरता नव्हती.

मायक्रोआरएनएच्या पातळीवर यामागचे एक कारण दिसते. ड जीवनसत्त्वाचा ग्राहक काही मायक्रोआरएनए वाढवतो-घटवतो, पण ‘मिर-१२५बी’सारखे मायक्रोआरएनए त्या ग्राहकाचेच प्रमाण कमी करतात. ही दोन्हीकडून चालणारी ओढाताण असते. शरीर समतोल धरून ठेवते. एका बाजूने जोर लावला की दुसरी बाजू आवर घालते. नॉर्वेतील ट्रोम्सो येथील संशोधकांनी लोकांना वर्षभर ड जीवनसत्त्वाचे मोठे साप्ताहिक डोस दिले आणि रक्तातील मायक्रोआरएनए आधी व नंतर तपासले. २०१२च्या त्यांच्या अहवालात उल्लेखनीय असा फरक फारसा आढळला नाही. काचेच्या बशीतील पेशी आणि अख्खे माणूस यांत इतके अंतर असते.

अन्नातील मायक्रोआरएनएची कथाही बोलकी आहे. २०१२मध्ये चीनमधील नानजिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी खळबळजनक दावा केला होता. भातातील एक मायक्रोआरएनए खाणाऱ्याच्या रक्तात उतरतो आणि यकृतातील कोलेस्टेरॉलशी संबंधित जनुकावर परिणाम करतो, असे त्यांचे म्हणणे होते. वरणभातावर वाढलेल्या आपल्या वाचकांसाठी ही बातमी भलतीच मोठी ठरली असती. पण इतर प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा रक्तात असे रेणू नगण्य आढळले आणि परिणामाचाही पडताळा मिळाला नाही. काही ठिकाणी तर प्रयोगशाळेतील भेसळीचीच शंका पुढे आली. वनस्पतींतील मायक्रोआरएनए विकण्याच्या जाहिराती आजही ज्या मूळ दाव्यावर उभ्या आहेत, त्याची ही अवस्था आहे.

‘रक्तातील मायक्रोआरएनए तपासून आहार’ सांगणाऱ्या चाचण्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. सुईने रक्त काढताना काही लाल पेशी फुटल्या, तरी त्यांतील मायक्रोआरएनए नमुन्यात मिसळतात आणि निकाल बदलतो. कोणती पातळी ‘सामान्य’ मानायची, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. संशोधनाचे साधन म्हणून ही तपासणी मोलाची आहे. ताटात काय वाढायचे, हे ठरवण्याइतकी ती अजून पक्की झालेली नाही. त्यापेक्षा बी-१२ आणि गरज वाटल्यास होमोसिस्टिन यांची साधी रक्ततपासणी अधिक उपयोगाची.

करण्याजोगे

सामान्य कुटुंबासाठी यातून निघणारी गोष्ट साधीच आहे. फोलेट पालेभाज्या, कडधान्ये, शेंगदाणे यांतून मिळते. भाज्या फार शिजवल्या की ते कमी होते. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस हेच त्याचे नैसर्गिक स्रोत. पुण्यातच झालेल्या एका छोट्या चाचणीत रोज दूध घेतल्याने शाकाहारी तरुणांमधील बी-१२ची पातळी सुधारल्याचे आढळले. पूर्ण शाकाहारी माणसे, दूधही न घेणारे व्हीगन, वयस्क आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे यांनी बी-१२ तपासून घेणे शहाणपणाचे. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे आणि पातळी योग्य झाल्यावर डोस किती ठेवायचा, तेही त्यांनाच विचारावे. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या मनाने वर्षानुवर्षे घेत राहणे मात्र टाळावे. त्याचा अतिरेक झाला तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

राज्य आणि केंद्र सरकारपुढचे काम याहून मोठे आहे. गर्भवती आणि किशोरवयीन मुला-मुलींसाठीच्या गोळीत अल्प प्रमाणात बी-१२ मिसळून पाहता येईल. त्याची चाचणी काही जिल्ह्यांत नीट आखून घेता येईल. यश मोजताना हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ची पातळी, होमोसिस्टिन आणि पुढे जन्मलेल्या बाळांची वाढ हेही पाहावे लागेल. ज्या पुण्यात या प्रश्नाची तीस वर्षांची नोंद आहे, तिथली आरोग्ययंत्रणा आणि संशोधक यांना एकत्र आणणे काही अशक्य नाही. शालेय पोषण आहारात दूध आणि अंड्यांना कायमची जागा देणे हा त्याचाच दुसरा भाग. महाराष्ट्रात अंड्यावरून वाद झाले आहेत. ज्यांना अंडे नको त्यांना दूध किंवा दही, हा पर्याय खुला आहे. दोन्ही न देणे हा पर्याय होऊ शकत नाही.

सूत्रकृमीतील तो इवलासा आरएनए नोबेलपर्यंत पोहोचायला एकतीस वर्षे लागली. पुण्याजवळच्या सहा गावांतील नोंदींनाही तितकीच वर्षे होऊन गेली आहेत. त्या गावांत तेव्हा जन्मलेल्या मुलींपैकी अनेकींच्या मांडीवर आता स्वतःची मुले आहेत. आणि आरोग्य केंद्रात त्यांच्या हाती पडणाऱ्या गोळीत फॉलिक अ‍ॅसिड आहे, बी-१२ अजून नाही.